आमेनच्या आधी

आमच्या चर्चच्या तरुण संघाचं उन्हाळी शिबिर पाळकसाहेबांशिवाय ठरत नाही. बैठकीत ते चष्मा पुसतात, ‘बघू की’ म्हणतात, आणि वाद वाढला की एकदम डोळे मिटतात. ‘प्रार्थना करूया.’ त्यांना हवं ते मग प्रार्थनेतूनच येतं. सगळ्यांनी आमेन म्हटल्यावर कोण काय बोलणार? तरुणपणी, आधीच्या पाळकांच्या काळात, मी अशाच प्रार्थनांत डोळे इतके घट्ट मिटायचे, की एकदा डुलकीच लागली. जाग आली तर शिबिराचा स्वयंपाक माझ्या गळ्यात.

यंदा मुलींना क्रिकेट हवं होतं. माझी नात म्हणाली, ‘दरवर्षी आम्हांलाच भरतकाम का?’

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ‘हे प्रभू, सोलापूरचं ऊन लई हाय. मुलींना सावलीतल्या भरतकामाची गोडी लाव.’

ते श्वास घ्यायला थांबले. आता माझा एक डोळा उघडाच असतो. मी म्हटलं, ‘आणि प्रभू, पहाटे ऊन नसतं, तेव्हा त्यांना बॅट दे. येशूच्या नावाने मागते, आमेन.’

‘आमेन!’ मुली ओरडल्या.

त्यांनी डोळे उघडले. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘आमेन. पण अंपायर मीच होणार की, मावशी.’

म्हणजे आऊट द्यायच्या आधीही प्रार्थना होणार.