पश्चिमेच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

नवरा मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामाला होता. दर रविवारी धसईच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन यायचा आणि मी दोन्ही पोरांना घेऊन तिथे हजर असायची. त्या रविवारी तो म्हणाला, "व्हिसा झाला. तिघांची तिकिटं पाठवतोय. तयारीला लाग." मी बूथमध्येच किंचाळले. बाहेर मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या बायका घाबरून उठल्या. त्यांना वाटलं कोणी गेलं.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण गावाकडे परत येताना मी घरातली माणसं मोजायला लागले. घरात आम्ही चौघं. मी, दुसरीतली लेक, अडीच वर्षांचा पोरगा आणि सासूबाई. त्यातली तिघं निघणार. दीर कल्याणला कारखान्यात, तो महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. सासूबाईंना त्याच्याकडे जाऊन राहा म्हटलं तर म्हणाल्या, "आणि म्हशीला काय तिसऱ्या माळ्यावर बांधू?" ही बाई दिवसभर बोलणारी. म्हशीशी बोलायची, कोंबड्यांशी भांडायची, पण जेवायला बसली की समोर माणूस लागायचं. नातवंडं गेल्यावर ती त्या घरात कशी राहील, हे मला काही केल्या कळेना.

आमचं घर पाड्याच्या टोकाला. हाकेच्या अंतरावर एकच घर, सासूबाईंच्या थोरल्या जावेचं. तीही एकटीच राहायची, लेक सासरी आणि मुलगा भिवंडीला. पण दोघींचा अबोला होता. कारण माझं लग्न. हळदीला आपल्याला बोलावणं आलं नाही, असं थोरलीचं म्हणणं. माणूस पाठवला होता, असं सासूबाईंचं. मी तर तेव्हा माहेरी हळद लावून बसलेली, मला काय ठाऊक? तरी लग्न माझं म्हणून दोघीही माझ्याकडे बघूनच उसासे टाकायच्या.

तयारीला लागले ती अशी की सांगता सोय नाही. मला सगळं माझ्या हातानं, माझ्या पद्धतीनं लागतं. घडी कोणी मोडली की माझं डोकं फिरतं. आणि पोरगा तर घड्या मोडण्यासाठीच जन्माला आलेला. मी बॅगेत फ्रॉक ठेवले की तो काढायचा आणि त्या जागी स्वतःचं सामान भरायचा: नारळाची करवंटी, आजीची एक चप्पल, एकदा तर जिवंत कोंबडीचं पिल्लू. लेक दुसऱ्या टोकाची. मस्कतच्या शाळेत मराठी पुस्तक नसेल तर, या काळजीनं ती आपलं अख्खं दप्तर बॅगेच्या तळाशी लपवत होती.

नवऱ्याला हवी होती घरची सुकट, घरचा मसाला आणि भाकरीला आमच्या तांदळाचं पीठ. सुकट तीन पिशव्यांत गुंडाळली, तरी लेकीच्या फ्रॉकना तिचा वास लागला तो लागलाच. पोरांसाठी मुरबाडच्या डॉक्टरांकडून उलटीचं आणि तापाचं औषध आणलं. सासूबाईंनी ओवा, हिंग, जायफळ, वेखंड दिलं. शेजारपाजारच्या बायका सल्ले द्यायला येत. एक म्हणाली, "इमानात खिडकी लावून घे हां, पोराला वारा लागंल." दुसरी म्हणाली, "उलटी आली का डायवरला थांबव सांग." मी हो हो म्हणत होते. खरं तर मला तरी कुठे माहीत होतं आत काय असतं?

वजनाची भीती होती. नवऱ्यानं बजावलं होतं की जास्त भरलं तर विमानतळावर सगळ्यांसमोर उपसायला लावतात. म्हणून दोन्ही मोठ्या बॅगा बैलगाडीत घालून धसईला भाताच्या व्यापाऱ्याकडे नेल्या आणि त्याच्या काट्यावर चढवल्या. काटा असा काही खाली गेला की मी कपाळाला हात लावला. मसाला काढला, पीठ काढलं, तरी काटा हलेना. शेवटी हमाल म्हणाला, "बाई, आधी पोराला उतरवा." आमचे चिरंजीव बॅगेमागे काट्यावर मांडी घालून बसले होते.

सगळं जमत आलं तेव्हा सासूबाईंना कळलं की आम्ही निघणार त्या दिवशी अमावस्या आहे. झालं. त्यांनी भाकरी थापायची थांबवली.

"अवसंला पोरं समुद्रावरनं न्यायची? मी नाय जाऊन द्यायची."

"आत्या, तिकीट बदलता येत नाही."

"इमान उद्या नेशील का परवा, त्याला काय हाय? अवस मातर फिरायची नाय."

मी चिडले, त्या रडल्या, त्यांचं बघून पोरगा रडला. मग डोळे पुसून त्यांनीच तोड काढली. परस्थान ठेवायचं. म्हणजे निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासाच्या सामानातली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं असं धरतात. ती वस्तू परत घरात आणायची नाही, निघताना जाता जाता उचलायची. माझी काहीच हरकत नव्हती. एक पिशवी इकडून तिकडे गेल्यानं घरातली रडारड थांबत असेल तर चार पिशव्या ठेवा म्हटलं.

"ज्या दिशेला जायाचं, त्या दिशेच्या घरी ठेवतात," सासूबाई म्हणाल्या. "मस्कत कुठं हाय गो?"

लेकीनं तत्परतेनं तळातलं दप्तर उपसलं, नकाशा काढला आणि बोट ठेवलं. "पश्चिमेला."

सासूबाईंनी नकाशाच मिटला. पश्चिमेला थोरलीचं घर.

त्यानंतर दोन दिवस त्यांनी मस्कत हलवायचा जो प्रयत्न केला तो मी जन्मात विसरणार नाही. लेकीला म्हणाल्या, "नीट बघ, जरा उत्तरंला नाय काय?" उत्तरेकडे थोडं लांब, पण त्यांच्या मैत्रिणीचं घर होतं. एसटीच्या कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, आमची गाडी तिकडे जात नाही. मग शाळेच्या गुरुजींना गाठलं. गुरुजी भला माणूस, त्यांनी मोठा नकाशा पसरला आणि विचार करून सांगितलं, "वायव्य म्हणायला हरकत नाही." सासूबाई खुश होऊन घरी आल्या, अंगणात उभं राहून हात करून दिशा धरली, तर बरोब्बर वायव्येला आमचा उकिरडा. तिथे परस्थान कसं ठेवणार?

"राहू दे आत्या," मी म्हटलं. मला खरंच दया आली.

"ऱ्हाऊन कसं चालंल? पोरांचा जीव हाय तो."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्या न्हाल्या, चांगलं लुगडं नेसल्या, पोराला कडेवर घेतलं आणि खुंटीवरची लाल पिशवी घेऊन पश्चिमेला निघाल्या. मी ओट्यावरून बघत होते. थोरली अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. सासूबाई उभ्या राहिल्या, खोकल्या, आणि पोराला म्हणाल्या, "सांग तुझ्या मोठ्या आजीला, पोरं उद्या चाललीत म्हनावं. परस्थान ठेवायचंय."

पोरगा अंगठा चोखत होता.

थोरलीनं सूप हलवत पोराला सांगितलं, "तुझ्या आजीला सांग, पोरं माझी पन हायेत. आन म्हनावं."

"सांग, देवापाशी ठेव."

"सांग, मला शिकवू नको."

एवढं बोलणं त्याच्या डोक्यावरून गेलं, आणि त्यानं फक्त अंगठा बदलला. पण पिशवी थोरलीनं दोन्ही हातांनी घेतली, आत देव्हाऱ्यापाशी ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. सासूबाई परत आल्या त्या घामानं डबडबलेल्या. मला बरं वाटलं. वाटलं, आज पोरामार्फत का होईना, तोंड तर उघडलं.

दुपारी माझ्या लक्षात आलं की लाल पिशवी म्हणजे माझी हातातली पिशवी. पासपोर्ट आणि तिकिटं तिच्यातच होती. मी तडक उठले, तर सासूबाई दारात आडव्या उभ्या. परस्थान माघारी आणायचं नाही म्हणजे नाही. आणि एकदा ठेवलं की त्याला हात लावायचा नाही. मी चरफडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर कल्याणहून जीप घेऊन आला. सामान चढलं, पोरांच्या हातावर दही पडलं, आणि आम्ही पिशवी उचलायला थोरलीकडे गेलो. दाराला कुलूप.

हाका मारल्या. मागच्या पडवीत बघितलं, विहिरीवर बघितलं. कोणी नाही. पासपोर्ट आत, तिकिटं आत. सासूबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "साधला डाव! इतकी वर्सं मनात ठेवलंन आन पोरांवर काढलंन! माझीच चूक, मीच गेली तिच्या दारात!" दीर म्हणाला कुलूप तोडू. दगड शोधूनही आणला. पण मोठ्या काकीच्या घराचं कुलूप, हात उचलेना. मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्यापेक्षा सासूबाईंचीच मला जास्त काळजी वाटायला लागली. आता या दोघी मरेपर्यंत एकमेकींचं तोंड बघणार नाहीत, आणि मी हिला याच घराशेजारी ठेवून जाणार.

एवढ्यात जीपचा ड्रायव्हर विडी विझवत म्हणाला, "लाल पिशवी ना? मघाशी येताना दादा पेंगत होते, तेव्हा फाट्यावर एक म्हातारी बसलेली दिसली, मांडीवर लाल पिशवी घेऊन."

सगळे जीपमध्ये कोंबलो, सासूबाईंसकट. फाटा म्हणजे आमचा रस्ता मुरबाडच्या डांबरी रस्त्याला मिळतो ती जागा, वेशीच्या पलीकडे. तिथे आंब्याखाली थोरली बसली होती. पिशवी मांडीवर, वर पदराचं टोक पांघरलेलं. उजाडतानाच चालत निघाली होती, चहाही न घेता.

मी उतरून रागानं काही बोलणार, त्याआधी तिनंच पिशवी माझ्या हातात दिली. "बघून घे, हाय का सगळं. ह्या घरातनं त्या घरात ठेवलं, ते काय निघनं झालं? वेस वलांडाय नको? तुमी येस्तोवर मी पुढं घेऊन आली. आता अवस मागंच ऱ्हायली."

पासपोर्ट होते, तिकिटं होती, शिवाय उकडलेली अंडी आणि दशम्या होत्या. मी खाली वाकून तिच्या पाया पडले, आणि मला एकदम हुंदका आला. सासूबाई जीपच्या दाराला धरून उभ्या होत्या. बोलून गेलेलं त्यांना आठवत असणार, त्यांची मान वर होईना.

दिरानं घाई केली. सासूबाईंनी पोरांच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पोरगा दोघींकडेही हात पसरून रडायला लागला. जीप सुटली. मी मागे वळून बघितलं तर रस्त्याच्या या कडेला एक म्हातारी, त्या कडेला दुसरी. मग सासूबाईंनी रस्ता ओलांडला आणि काहीतरी बोलल्या, एवढंच दिसलं. जीपच्या आवाजात ऐकू काय येणार?

मस्कतहून पहिल्या रविवारी धसईला फोन लावला. सासूबाई नेहमीसारख्या ओरडून बोलल्या, म्हैस व्याली, पारडी झाली, पोरं जेवतात का, आणि मग म्हणाल्या, "थांब, हिला पन बोलायचंय." थोरली फोनवर आली, तर तिचा आवाज त्यांच्याहून मोठा. पुढे कितीतरी रविवार मी विचारत राहिले, त्या दिवशी फाट्यावर काय बोललात? सासूबाई उडवून लावायच्या. "काय बोलनार? ऊन झालं, असंच काय तरी."

दोन वर्षांनी सुट्टीवर आले तेव्हा थोरली आमच्याच ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. सासूबाई म्हशीकडे गेल्या होत्या. मी हळूच विचारलं, आणि तिनं शेंगांवरची नजर न काढता सांगितलं.

"म्हनाली, बाय, घरी जायाचं भ्या वाटतंय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, चल. मला तर रोजच वाटतं."