उचललेली मच्छरदाणी

गेल्या पावसाळ्यात मला डेंगू झाला आणि माझ्यामुळे तो माझ्या मोठ्या बहिणीला झाला, असं मी मानतो. डॉक्टर तसं म्हणत नाहीत. कोणता डास कोणाला चावला हे कोणीच सांगू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण मी घरात काय लपवलं होतं, ते त्यांना माहीत नाही.

तपासणीच्या खोलीत मी एकटाच होतो. डॉक्टर म्हणाले, "ताप उतरेपर्यंत दिवसाही मच्छरदाणीत राहा. तुमच्यासाठी नाही, घरच्यांसाठी. तुम्हाला चावलेला डास आठवडा-दीड आठवड्यानं दुसऱ्याला आजारी पाडू शकतो." येताना मी मच्छरदाणी विकत घेतली. घरी मात्र "लावायला सांगितलीय" एवढंच बोललो.

बायकोची नोकरी, मुलीचं कॉलेज, म्हणून ताई कामठीहून माझ्याकडे राहायला आली. भरलेल्या ऑटोत मांडीवर बकरीच्या दुधाची बाटली धरून. त्यानं प्लेटलेट वाढतात, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. ते दूध मी नाक दाबून प्यायचो आणि ती समोर उभी राहून पेला रिकामा झाला की नाही ते बघायची.

आमच्या सक्करदऱ्याच्या वस्तीत कोणाला ताप आला की लोक पाहायला येतातच. कोणी नारळ आणतं, कोणी किवी, आणि पलंगाजवळ खुर्ची ओढून बसतात. पहिल्याच दिवशी शेजारचे काका दारातून मला बघून म्हणाले, "काहून गा, नवरदेव मांडवात बसून राहिला का?" सगळे हसले. मीही हसलो आणि जाळी वर फेकली. वडीलधारी माणसं समोर बसलेली असताना जाळीतून बोलणं मला उद्धटपणाचं वाटलं. मग ती वरच राहिली.

ताईनं एकदा ती खाली ओढली, मग स्वतःच म्हणाली, "राहू दे. डेंगू त झालाच हाये. आता अजून मच्छर चावून तुले का होणार हाये?"

उत्तर मला माहीत होतं. खोलीत चार माणसं होती. मी जाळीचं टोक पुन्हा वर खोचलं.

माझा ताप उतरला, पण अंगात त्राण नव्हतं. ताई निघते म्हणाली तेव्हा मीच तिला आणखी थोडे दिवस थांबवून घेतलं. तिच्या हातचं खायची सवय लागली होती. ती परत गेली आणि त्याच आठवड्यात भाऊजींचा फोन आला: ताप आहे, डोळ्यांमागे ठणकतंय, दवाखान्यात भरती केलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी मुलीला विचारलं, डासातून डेंगू येतो कसा. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. वडिलांनी अभ्यासातलं विचारलं म्हणून तिला आनंद झाला आणि ती उत्साहानं सांगत सुटली. डास आधी लाळ सोडतो. त्या लाळेनं रक्त गोठत नाही, चावल्याचं लगेच कळतही नाही. विषाणू त्या लाळेतूनच येतो. आणि लाळ नुसती वाहून आणत नाही, त्याला मदतही करते. चावलेल्या जागी शरीराच्या रक्षक पेशी धावत येतात, खाज सुटते, गांधी उठते. "पण बाबा, गंमत म्हणजे या विषाणूला त्याच पेशी हव्या असतात. तो त्यांच्यातच शिरतो, तिथंच वाढतो आणि त्यांच्यासोबत शरीरभर जातो. मदतीला आलेल्यांनाच धरतो."

मी ताटावरून उठलो. "काय झालं?" तिनं विचारलं. भूक नाही, म्हणालो.

ताईच्या प्लेटलेट दोन दिवस घसरत राहिल्या. तिसऱ्या दिवशी घसरण थांबली, पण धोका टळला असं कोणी म्हणायला तयार नव्हतं. भाऊजी खाली औषधं आणायला गेले होते. मी तिच्या पलंगाशी बसून तिला सगळं सांगितलं.

तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "डॉक्टरनं सांगतलं होतं?"

"हो."

"मग मले काहून नाई सांगतलं?"

"लोक बसले होते ताई. हसत होते."

"अरे, मले सांगतलं असतं त एकेकाले हाकललं असतं मी. तुह्या त्या काकाले त पयले." तिचा आवाज चढला, तशी तिला धाप लागली. "मी तुह्यासाठी आलती, लोकायसाठी नाई."

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. माफी मागायला मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात भाऊजी आले. ती वळून न पाहताच त्यांना म्हणाली, "याले घरी पाठवा. जेवला नसन."

जिन्यापर्यंत भाऊजी माझ्यासोबत आले. तिथं मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता म्हणतील, पुन्हा येऊ नका.

"उद्या सकाळी मले कापड विणायले मागावर जाणं हाये," ते म्हणाले. "दोन दिवस झाले, माग बंद हायेत. तिच्यापाशी कोणी पाहिजे."

"मी येतो," मी म्हणालो.

"उजाडताच या," ते म्हणाले आणि वर गेले.