बस्त्याच्या दिवशी पिंकीला शू लागली

माझ्या लेकीला, पिंकीला, ताप होता आणि आदल्या दुपारपासून तिनं लघवी केली नव्हती. अशात आम्ही जालन्याच्या स्टँडवर सुरतेच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. ह्यांच्या खालच्या ओठाला टाके, पुढचा एक दात गेलेला, डोळा काळानिळा. येणारे-जाणारे थांबून ह्यांच्याकडं बघायचे आणि मंग माझ्याकडं, जसं काही मीच हाणलंय. तसं मी हाणलं होतंच, पण ह्यांना नाही.

माझी आई टेंभुर्णीहून पहिल्या गाडीनं आल्ती. तिनं रडून घेतलं, पिंकीच्या कपाळाला हात लावून बघितला. गाडी लागल्यावर खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "बाजाराला निघताना पाणी घरीच ठेवून जायाचं, हे तुला किती डाव सांगितलं. लेकराला थंडा पाजलाच कशाला?" निघताना ती एवढंच बोलली. पुढं तीन वर्षं आमची भेट नाही.

सुरतेत आदल्या साली प्लेग आल्ता. तिथली माणसं रेल्वेच्या डब्याला लटकून पळाली होती, आणि आम्ही तिकडंच चाललो होतो.

हे मी गावाकडच्या बायांसाठी लिहून राह्यले, आणि माझ्यासारख्या ज्या सुरतेत लिंबायत-उधन्याला येऊन पडल्या त्यांच्यासाठी. सहावीत शाळा सुटली माझी, तेव्हा लिहिण्यात चुका असतील त्या सांभाळून घ्या. आमच्या जाण्याविषयी गावात बरंच सांगतात. कुणी म्हणतं वाटणीवरून झालं, कुणी म्हणतं मला अंगात आलं. तसं काही नव्हतं. चार वर्षांच्या लेकराला शू लागली होती आणि जालन्याच्या भर बाजारात तिला बसवायला जागा नव्हती.

माझ्या नणंदेचं, वंदनाचं, लग्न ठरलं होतं. बस्ता जालन्याला बांधायचा म्हणून दोन्हीकडची माणसं दोन जीपांत भरून निघाली. बस्ता काही तासाभराचं काम नाही. सकाळी कापडाच्या दुकानात गादीवर बसलं की नवरीचा शालू, मानाच्या साड्या, आहेराची लुगडी, टॉवेल-टोप्या होईस्तवर दिवस कलतो. त्या दिवशी बायका सकाळचा चहासुद्धा घेत नाहीत. अंधारात सगळ्या मिळून एकदा बाहेर जाऊन यायचं, आणि मंग घरी परत येईस्तवर पोटाचं नाव काढायचं नाही. आम्हाला हे वळण म्हणून शिकवलेलं. मोठी बाई राहते कशी तरी.

शेठ चांगला माणूस होता. एवढं मोठं गिऱ्हाईक म्हणून त्यानं सगळ्यांना थंडा सांगितला. सगळ्या बायांनी बाटल्या हातात धरल्या, ओठाला लावल्यासारखं केलं आणि लेकरांना दिल्या. मी पण माझी बाटली पिंकीला दिली. तिची स्वतःची तिनं आधीच संपवली होती. आयुष्यात पहिल्यांदा थंडा पीत होती ती. नाकात बुडबुडे जाऊन हसत होती.

थोड्या वेळानं माझ्या कानात म्हणाली, "आई, शू."

"थांब जरा, एवढं लाल लुगडं बघू दे आत्याचं."

ती थांबली. मंग पुन्हा म्हणाली. मंग पदर ओढायला लागली आणि एका पायावर नाचायला लागली. साड्यांच्या घड्या उलगडणाऱ्या माणसाला मी हळूच विचारलं, "दादा, लेकराला बसवायला कुठं जागा हाय का?"

"इथं कुठली, ताई? आमीच मागल्या आडतीच्या गल्लीत जातो. पण आता माल उतरून राह्यला तिथं. बघा बा."

मागल्या गल्लीत ज्वारीची पोती लागली होती. दोन पोत्यांच्या थप्पीमध्ये नाली होती, तिथं मी पिंकीला बसवलं. बसली, चार थेंब झाले, तेवढ्यात राखणदार काठी घेऊन आला.

"ए बाई, उठीव ते कारटं. लोकाचा माल पडलाय इथं."

"लहान हाय भाऊ, झालंच आता."

"लहान हाय मंग काय गुलाबपाणी मुतती का?"

हमाल हसले. त्यानं काठी हाणली ती पोरीला लागू नये म्हणून मी मध्ये हात घातला, तरी तिच्या पाठीवरून वळ उठवतच गेली. पिंकी रडली नाही. ताडकन उठली आणि चड्डी वर ओढली. धार मध्येच तुटलेली. सुरतेतली डॉक्टर बाई पुढं म्हणाली की रोकून ठेवायची सवय तिथूनच लागली.

परत आलो तर आण्णा डोळे वटारून बसलेले. आण्णा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, माझे भाया. घरात शब्द त्यांचाच चालायचा. "कुठं हिंडून राह्यली? विहीणबाई खोळंबल्यात," ते म्हणाले. मी पिंकीला मांडीवर घेऊन बसले. विहीणबाईंनी शालू अंगावर लावून बघितला आणि गादीवर पसरून ठेवला. सगळ्या वाकून शालूची जर बघायला लागल्या. तेवढ्यात माझ्या मांडीला ऊन-ऊन ओल लागली. मी पोरीला उचलेपर्यंत उशीर झाला होता. मांडी भिजली, पांढरी गादी भिजली, शालूचा काठ भिजला.

आण्णा उठले. पिंकीला केसाला धरून माझ्या मांडीवरून ओढलं. एक चापट, दुसरी चापट. दुसऱ्या चापटीला नाकातून रक्त आलं. मंग तिचा दंड धरून तिला ओट्यावरून खाली भिरकावलं. दुकानाला तीन पायऱ्या होत्या, पिंकी तिसरीवर तोंडावर आपटली. शेठ "अरे अरे" म्हणत उठला. बाकी कुणी उठलं नाही. मी पण लगेच उठले नाही, हे मला लिहिलं पाहिजे. मी आधी विहीणबाईंच्या तोंडाकडं बघितलं.

झंपरचं कापड मोजायचा लोखंडी गज गादीवर पडला होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला. पहिला घाव आण्णांच्या खांद्यावर बसला, दुसरा भुवईच्या वर. ते साड्यांच्या ढिगावर बसल्यासारखे पडले आणि रक्त गादीवर सांडलं. तिसरा पण मी घालणारच होते. ह्यांनी मागून माझे दोन्ही दंड धरले म्हणून राहिला. त्या वेळी मला भीती वाटली नाही, लाज वाटली नाही. हाताला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला आजपर्यंत भीती वाटते.

"असल्या घरातली पोरगी न्यायची का आमी?" विहीणबाई म्हणाल्या. वंदना पदरात तोंड घालून बसली होती.

जीपस्टँडवर डोक्याला टॉवेल बांधून आण्णांनी कमरेचा पट्टा काढला. मला आण्णांच्या दोन मेव्हण्यांनी केसाला धरून ठेवलं होतं, पण मार मला पडला नाही. ह्यांना पडला. "बायल्या, बायको आवरत न्हाई तुला?" प्रत्येक फटक्याला तेच. हे हात खाली सोडून उभे राहिले. थोरल्या भावावर हात उचलायचा नाही, हे ह्यांचं वळण. बक्कल ओठावर बसलं तेव्हा दात पडला. लोक रिंगण करून बघत होते, एकजण मक्याचं कणीस खात होता. मामंजी जीपमध्ये पुढं बसून समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिले. सगळं झाल्यावर म्हणाले, "वंदीचं लग्न व्हायचं असंल तर ही बाई आपल्या उंबऱ्यात दिसायला नको."

ह्यांनी तोंडातलं रक्त थुंकलं. "मंग मी बी न्हाई दिसणार," म्हणाले.

चौदा वर्षांच्या माझ्या संसारात तोवर ह्यांनी घरच्यांपुढं इतकं मोठं वाक्य कधी बोललेलं मला आठवत नाही. आजसुद्धा भांडण झालं की मी ते आठवते आणि गप बसते. वंदनाचं लग्न त्याच घरात झालं. ती सुखात आहे. मला त्याचा आनंदच आहे.

सुरतेत ह्यांचा एक गाववाला कापडाच्या लूमवर कामाला होता, त्यानं ह्यांनाही तिथं चिकटवलं. लिंबायतला खोली मिळाली. आठ खोल्यांत मिळून एक संडास, सकाळी लाईन, आतल्यानं जरा वेळ लावला की बाहेरचे दारावर लाथा घालायचे. लाथ ऐकली की पिंकी ताडकन उठायची. आत जाऊन कोरडीच बाहेर यायची. घरच्या मोरीत, माझ्या दोन्ही पायांच्या आड, तिथंच काय ती बसायची, आणि तेही दिवसातून एकदा कसंबसं. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. लघवीला रक्त आलं. दवाखान्यात डॉक्टर बाई म्हणाली, "रोकून ठेवते ही. असंच चाललं तर किडनी जाईल पोरीची." किडनी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रात्रंदिवस तोच डोक्यात.

मी साड्यांना लेस लावायचं काम घरी आणायला लागले. साड्यांची पोटली आणायला बाजारात जायचं, पिंकीला घेऊन. घरून निघताना तिला मोरीत बसवायची, ती करायची नाही, आणि अर्ध्या वाटेत चेहरा लाल. वाटेत कुठं बसवली तर बसायची नाही, घट्ट मिटून घ्यायची. एका दिवशी चौट्याच्या बाजारातल्या गर्दीत, डोक्यावर पोटलं, ती रस्त्यातच वाकडी झाली आणि कण्हायला लागली. मी पोटलं खाली टाकलं आणि तिच्या थोबाडीत दिली. एक दिली, मंग दुसरी. "आत्ताच लागायची होती का तुला? घरी काय झालं होतं?" मी ओरडत होते आणि ती माझ्याकडं बघत होती. राखणदाराच्या काठीकडं बघितलं होतं तसंच.

तिसऱ्यांदा हात उचलला तो कुणीतरी हवेतच धरला. ज्या दुकानातून मी पोटली न्यायची त्या दुकानाची मालकीण कोकिळाबेन होती ती. जाड बाई, हातात पकड लोहारासारखी. "केम मारे छे छोकरीने?" पोरीला का मारती म्हणून विचारलं, पण माझं मनगट सोडलं नाही. मी रडत मराठीतच सगळं सांगून टाकलं, शालू, गल्ली, पट्टा, किडनी. तिला किती कळलं देव जाणे. "तमारा लोकोनो हाथ बहु चाले," तुमच्या लोकांचा हात लई चालतो, म्हणाली आणि पिंकीला दुकानाच्या मागं घेऊन गेली.

तिथं एक छोटा संडास होता, आतून कडीचा, पांढऱ्या फरशीचा. पिंकी आत बसली. अर्धा तास बसली आणि काहीच झालं नाही. कोकिळाबेन दाराबाहेर बादली पालथी घालून बसली, धंदा सोडून, आणि लेसचे रंग तिला मोठ्यानं सांगत राहिली. मोरपंखी, राणी, बदामी. गिऱ्हाईक ओरडलं तर त्यालाच दटावलं. दुसऱ्या दिवशी पण काही नाही. मी रोज पोरीला घेऊन जायला लागले, काम असो नसो. कधी लाजेनं परत फिरावं वाटायचं. पाचव्या का सहाव्या दिवशी कोकिळाबेन जांभळ्या रंगापाशी आली होती आणि आतून आवाज आला. आम्ही दोघी बायका दाराला कान लावून उभ्या. ती धार कितीतरी वेळ चालली. मधे तुटली नाही. मला त्या फरशीवर डोकं टेकवावंसं वाटलं.

पिंकीनं पोटातलं बोलावं तसं झालं ते. दोन-तीन महिन्यांत ताप गेला. नंतर मी त्याच दुकानात कामाला लागले, आजपर्यंत आहे. आमच्या सुरतेत प्लेगनंतर म्युनिसिपालिटीनं ठिकठिकाणी संडास बांधले, कुठला स्वच्छ, कुठल्याची कडी मोडकी, मला सगळे पाठ आहेत. दुकानात लेकरू घेऊन बाई आली आणि लेकरू पाय आवळायला लागलं की मी भाव सांगायच्या आधी मागचं दार दाखवते. कोकिळाबेन हसते.

मामंजी वारले तेव्हा आम्ही पहिल्यांदा सासरच्या घरी परत गेलो. पिंकी बारा-तेरा वर्षांची होती. आण्णांच्या भुवईवर पांढरी खूण होती. दोन दिवस त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "तुझा हात लई जड हाय बाई."

"तुमचा बी हलका नव्हता, आण्णा."

त्यांनी मान हलवली. माफी कुणीच मागितली नाही. मला मागायची पण नव्हती.

परतताना जालन्याला गाडीला वेळ होता, म्हणून बाजारात गेलो. मधेच पिंकी म्हणाली, "मम्मी, बाथरूम जवु छे." गुजराती तिच्या तोंडात बसलेली. मी आजूबाजूला आडोसा शोधायला लागले. ती मात्र समोरच्या दुकानात चढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काका, बाथरूम कुठंय?" काका गांगरले. "न्हाई पोरी इथं." ती पुढच्या दुकानात. तिथंही न्हाई. एका पोऱ्यानं टिंगल केली, "पळत जा घरी." तिनं त्याला वरून खाली बघितलं आणि पुढं गेली. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं जिन्याकडं बोट दाखवलं. ती वर गेली. मी खाली जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले, वर कुणी जाऊ नये म्हणून.

ती उतरून आली, ओले हात माझ्या पदराला पुसले. मंग माझा हात धरायला गेली तर तो धरता येईना. मूठ वळलेली होती. दुसरी पण. नखं तळव्यात रुतली होती आणि मला कळलं नव्हतं. तिनं एक एक बोट सोडवलं आणि म्हणाली, "चल, गाडी लागली असंल."

तुम्ही विचारता, गावाकडं कधी येणार, घर तर तुमचं तिकडंच. माती तिकडचीच आहे माझी, भाषा तिकडची, आई तिकडं. मी येते, येत राहीन. पण जालन्यात उतरले की माझे हात मिटतात. परतीची गाडी उधन्याचा पूल ओलांडते आणि ते आपोआप उघडतात. घर कुठलं म्हणायचं ते मी आता हातांवर सोडलंय.