डोंगरावरचे पाहुणे

बंकटच्या अन् आमच्या घरात एकच भिंत. त्यामुळं त्यांचं भांडण ऐकायला कान लावावा लागत नाही, नको असलं तर कानात पदर कोंबावा लागतो. गेल्या उन्हाळ्यातलं एक भांडण मात्र मी हातातलं सूप खाली ठेवून ऐकलं.

त्याची बायको वत्सला म्हणत होती, "पोरीला बघाया पाहुणे आलते, वाट बघून बघून गेले. बापच न्हाई तर बोलायचं कुणासंगं म्हणले. कुठं गेलता तुमी?"

"डोंगरावर पाहुणा आलता," बंकट म्हणाला.

"अन् घरी आलते ते कोण, दरोडेखोर?"

बाहेरच्याला ह्यातलं काही कळायचं नाही. बंकट वनखात्याचा राखणदार. उन्हाळाभर माथ्यावरच्या लोखंडी टावरवर बसून कुठं धूर निघतो का ते बघायचं, हे त्याचं काम. अंधारात आपण सापाला लांबडं म्हणतो ना, तसा तो डोंगरावर आगीचं नाव घेत नाही. नाव घेतलं की ती येते म्हणतो. म्हणून आगीला पाहुणा. त्यानं वरून पत्रा बडवला, 'पाहुणा आला' अशी हाळी दिली, की गावानं लिंबाचे डगळे, पाल्यासकट फांद्या, मोडून पळत सुटायचं अन् आग झोडपून काढायची.

माणूस वाईट नाही, पण बूड टेकत नाही. जेवायला बसला तरी एक गुडघा उभा. लग्नाची अन् वणव्याची गर्दी एकाच दिवसांत, त्यामुळं अक्षतासुद्धा डोंगराकडं बघतच टाकतो. एकदा सगळ्या भटजीच्या टकलावर गेल्या.

यंदा चैत्रात त्यांच्या पोरीला, पौर्णिमाला, बघायला पुन्हा पाहुणे यायचे होते, आष्टीकडचे. वत्सलानं नवऱ्याला बजावलं, "ह्या बारीला घरात दिसला न्हाईत, तर पोरीला घेऊन मी माहेरी."  पौर्णिमानं मुलाचा फोटो मला दाखवला, अन् थोड्या वेळानं विसरल्यागत परत दाखवला. त्यावरून मी काय ते ओळखलं.

अन् त्याच दिवशी हा बाबा उजाडायच्या आत 'आलोच' म्हणून निघून गेला.

मी, सरस्वती अन् सरू, आम्ही तिघी साखरेच्या. डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणून रोज सकाळी तळ्यापर्यंत जातो. वत्सला वाटेतच आडवी आली. "मावशी, आज वर जा. त्यांना घेऊनच या. फोन लागत न्हाई अन् माझा जीव थाऱ्यावर न्हाई."

चढ तसा लहान. पण वाळलेली कुसळं लुगड्यात घुसत होती, वारा सुटला होता, अन् माझं ध्यान सारखं खालच्या सडकेवर. सरू दर वळणाला दगडावर बसायची.

"दमलीस का गं?"

"छ्या! गाव बघती."

टावर दिसायला लागला अन् सरू बसल्या जागेवरून ओरडली, "आगं, जीप आली की वेशीत!"

पाहुणे येळच्या आधीच आलते. सरस्वतीनं तोंडाला हात लावून आरोळी ठोकली, "बंकटाऽ, पाहुणे आले रंऽ!"

मी तिचं तोंड दाबलं, पण शब्द गेला तो गेलाच. बंकट टावरवर ताडकन उभा.

"कुठल्या अंगालाऽ?"

माझा हात झटकून ही बया म्हणते, "खालच्या! गावाच्या अंगालाऽ!"

झालं. पत्रा धडाधडा वाजला. खालनं अख्खं गाव डगळे घेऊन वर चढायला लागलं. सगळ्यांत पुढं पौर्णिमा, नव्या साडीचा ओचा खोचून. तिच्या मागं पांढऱ्या शर्टातला एक पोरगा. आमच्या गावचा नव्हता, पण तो फोटो मी दोनदा बघितला होता. अन् लई मागं, फेटा काखेत मारून, धापा टाकत त्याचे वडील विठ्ठलराव.

टावरखाली येऊन पौर्णिमा म्हणाली, "बाबा, कुठाय पाहुणा?"

बंकटनं आमच्याकडं बघितलं. सरस्वतीनं गुमान विठ्ठलरावांकडं बोट केलं. "ह्ये काय, आलेत की."

 वत्सला वर आली अन् तिनं नवऱ्याकडं असं बघितलं, की गवत पेटलं नाही हेच नवल. बंकटनं हात जोडले. "चुकी झाली, पाहुणं," म्हणाला, अन् तो शब्द आपल्याच तोंडून निघाला म्हणून लगेच चारी बाजूला बघून घेतलं.

विठ्ठलराव दगडावर टेकले.  मग ते पोराकडं बघून म्हणाले, "नवनाथ, घरी पाण्याचा तांब्या उचलत न्हाईस, अन् हितं डगळा घेऊन पळाला व्हय? अन् एक चप्पल कुठाय?"

नवनाथ खाली बघून म्हणाला, "ह्यांच्या मागं पळताना सुटली."

पौर्णिमानं डगळ्याआड तोंड लपवलं. आधी सरू हसली, मग सगळेच.

"पोरीचा बाप घरी घावत न्हाई असं ऐकलंतं," विठ्ठलराव म्हणाले. "घावला बाबा. आता खाली कशाला? हितंच बोलू."

टावरच्या सावलीत बैठक बसली. अन् बंकट बसला. दोन्ही गुडघे टेकून, मांडी घालून. घरात त्याला डोंगर दिसत नाही म्हणून बसवत नसावं. नजर मात्र व्याह्यांच्या डोक्यावरून पलीकडं. जे इचारतील त्याला 'चालंल'. तारखेवर तेवढा अडला.

"लगीन तुळशीच्या लग्नाबरोबर करू."

"कावून एवढं थांबायचं?"

"तवर गवत वलं असतंय. पाहुणे येत न्हाईत."

"मग आमचं वऱ्हाड?"

सरूच्या चंचीतली सुपारी दगडानं तिथंच फोडली. वत्सलानं डोळे पुसले अन् सगळ्यांना जेवायला खाली चला म्हणाली. नवऱ्याला म्हणाली, "आता तरी येताव का?"

"आलोच."

माणसं उतरायला लागली. मी वळून बघितलं. दर हाळीनंतर करतो तसंच, लोकांनी टाकलेले डगळे वेचत तो फिरत होता. वाळले की तेच पेट घेतात. कवळा भरला की जाळपट्ट्याच्या, आग अडावी म्हणून आधीच गवत जाळून ठेवलेल्या पट्ट्याच्या, पल्याड टाकून यायचा, परत वाकायचा. वेचता वेचता नवनाथची चप्पल घावली, ती त्यानं टावरच्या पायरीला अडकवली. मग वर चढला.