पावणेबाराचा पाठ

सत्तरच्या दशकात मी नागपूरला अध्यापक विद्यालयात शिकत होते. नरखेडकडच्या आमच्या गावात शाळेवर एक जागा रिकामी होती. पास होऊन आले की ती माझी, असं शाळेनं माझ्या वडिलांना, बापूंना सांगून ठेवलेलं. सगळं अडलं होतं ते वार्षिक पाठावर. बाहेरच्या परीक्षकांसमोर तिसरीच्या मुलींना घड्याळ शिकवायचं होतं.

पाठाआधी टाचणवहीत उद्दिष्टं लिहावी लागत. ‘विद्यार्थिनींना घड्याळाचे ज्ञान करून देणे. वेळेविषयी आवड निर्माण करणे.’ ही वाक्यं वर्षानुवर्षं या वहीतून त्या वहीत उतरत आलेली. मला त्यांचा भयंकर राग यायचा. आवड निर्माण झाली हे पाहणार कोण, आणि कसं? पोरींना ढेकळ कळलं नाही तरी उद्दिष्ट साध्य! असलं उद्दिष्ट काय लोणचं घालायला?

मी लिहिलं, ‘तास संपेपर्यंत वर्गातली प्रत्येक मुलगी खरं घड्याळ पाहून सव्वा, साडे आणि पावणे वेळा सांगेल.’

खोलीवरची माझी खापा गावची मैत्रीण वही पाहून म्हणाली, “काहून वं असं लिहून राहिली? एक पोरगी चुकली तं फसशील ना.”

टाचण तपासणाऱ्या बाईंनी ‘प्रत्येक’ला लाल पेन्सिलीनं गोल केला. म्हणाल्या, “हे काढा. नुसतं ‘विद्यार्थिनी’ लिहा.” मी नाही काढलं. मागच्या बाकावरच्या पोरी काय शोभेला बसवल्या होत्या? वर्गाला आदल्या दिवशी पढवून ठेवायचीही रीत होती. येतं तिनं उजवा हात वर करायचा, येत नाही तिनं डावा, म्हणजे परीक्षकांना सगळे हात वर दिसतात. तेही मी केलं नाही.

पुठ्ठ्याच्या घड्याळावर तास छान रंगला. शेवटी परीक्षक उठले, मनगटावरचं घड्याळ काढलं, काटे फिरवून पावणेबारा केले आणि थेट मागच्या बाकाकडे गेले. तिघींनी बरोबर सांगितलं. दोघी म्हणाल्या, सव्वाबारा.

“तुमचं उद्दिष्ट साध्य झालं नाही,” ते म्हणाले.

“नाही झालं, सर. दोघी राहिल्या. उद्या त्यांना परत शिकवीन.”

“उद्या तुमचा पाठ नाही इथं.”

“पोरी तर आहेत ना.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या शाळेत गेले. कुणाला विचारलं नाही. त्या दोघींना शिकवलं आणि येतंय हे पाहूनच उठले.

त्या पाठात मला नापास केलं. गावची जागा दुसऱ्याला गेली. मी खूप रडले. बापू महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मैत्रीण म्हणाली, “आता तरी सुधर माय.”

सहा महिन्यांनी परत घड्याळाचाच पाठ दिला. शाळा दुसरी, परीक्षक दुसरे. टाचणात मी परत ‘प्रत्येक मुलगी’च लिहिलं. या वेळी परीक्षकांची वाट पाहिली नाही. तास संपता संपता बाकाबाकाशी जाऊन मीच एकेकीला विचारलं. एक राहिली. उद्दिष्टाखाली मी तसं लिहिलं आणि वही त्यांच्यापुढं ठेवली.

काठावर पास झाले हे मला नंतर कळलं. तेव्हा ते मान खाली घालून गुण लिहीत होते, आणि मी पुठ्ठ्याचं घड्याळ घेऊन त्या पोरीशेजारी बाकावर जाऊन बसले होते.