चिंचोळीच्या बर्फावर पायात आलेलं पातं

आधीच सांगते – असल्या गोष्टींना मी कवडीची किंमत देत नाही. आमच्या घरी पाहुण्याच्या हातात पाण्याच्या तांब्याआधी पुस्तिका येते. भानामती, उतारा, अंगात येणं... सगळ्यांचा समाचार घेणाऱ्या पुस्तिका विकायला पप्पा मला लहानपणापासून स्टॉलवर नेत. या सदरात लोक जे लिहितात ना – मोडनिंबच्या पुढे हायवेवर लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई वगैरे – ते वाचून मला भीती नाही, कीव येते. या बाईला कधी एसटी कशी मिळत नाही?

तरी लिहितेय. कारण जे झालं ते मी लपवणार नाही.

मी आईस हॉकी खेळते. सोलापुरात. हसून घ्या. शिकले चाकांच्या स्केट्सवर, मग पुण्यातल्या बर्फाच्या एका छोट्या रिंकवर जायला लागले. राज्य संघाची निवड चाचणी तोंडावर आली आणि माझ्या स्केट्सची जुनी पाती संपली, धार लावून लावून झिजली होती. नवी बसवली. नवं पातं उंच, धार ताजी. थांबायला पाय आडवे केले की ते बर्फ खरवडत नाही, बर्फात रुततं... आणि आपण तोंडावर. उजवीकडे वळून मी निदान धडपडत थांबायचे. डावीकडे तर जुन्या पात्यांवरही कधी धड थांबले नव्हते. चाचणीत दोन्हीकडे थांबून दाखवायचं होतं. नाही जमलं, तर संघ विसरायचा.

रिंकवर शिकवणारे सर फोनवर म्हणाले, "घाबरू नको. नवं ब्लेड पायात यायला वेळ लागतो."

फोन स्पीकरवर होता. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत भिंतींना नाही, शेजारच्या सुनंदाकाकूंना कान आहेत.

"पायात येतंय? अंगात येतंय तसं का गं? मग लिंबू तरी बांध की त्याला."

"काकू, लिंबू सरबतात घाला."

पप्पा चिंचोळी एमआयडीसीत बर्फाच्या कारखान्यात फिटर आहेत. मालकाला विचारून त्यांनी थंड खोलीत बर्फाच्या लाद्या एकाला एक लावल्या, फटींत पाणी ओतून गोठवलं आणि मला एक पट्टा करून दिला. दोनदा पाय मारायचा आणि थांबायचं, एवढीच जागा. रोज दुपारच्या सुट्टीत मी तिथे फक्त पडत होते.

त्या दुपारी मी पट्ट्याच्या एका टोकाला दम खात उभी होते. पाय जोडलेले, गुडघे ताठ. समोर पप्पा आणि लाद्या ओढणारे मल्लूमामा. पाठीमागे सगळा पट्टा रिकामा.

आणि मी निघाले. मागे.

पाय मी मारला नव्हता. हळूहळू मागे सरकत गेले, वेग वाढला, मग दोन्ही पाती एकदम वळली आणि खर्रकन थांबली. बर्फाचा चुरा भिंतीवर उडाला.

डावीकडे.

"कशाने ढकललंस?" पप्पांनी विचारलं.

"नाही ढकललं."

"खोटं बोलू नको, बाळा."

पप्पा माझ्यावरही विश्वास ठेवेनात, याचा मला त्याही वेळी अभिमान वाटला. ते लेव्हल-पट्टी घेऊन आले. एकेका लादीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. मला परत उभं केलं – काही नाही. स्वतः उभे राहिले – काही नाही.

"भाऊ, पट्टी काय बघालाव?" मल्लूमामा म्हणाले. "पोरीनं पायच हलवलं न्हाई की. मी तिच्या पायाकडंच बघत हुतो."

संध्याकाळपर्यंत गल्लीकडे उत्तरं तयार. काकू म्हणाल्या, देवी. कुणी म्हणालं, आजोबांचा आत्मा. माझ्या आजोबांनी बर्फ पाहिला तो गोळ्यात, आणि ते आईस हॉकी शिकवायला आले! आणि शिकलेले शहाणे? त्यांनी तर जागाही न बघता निकाल दिला. उतार असेल. मशिनची थरथर असेल. मसल मेमरी असेल. जे स्नायूंनी जन्मात केलं नाही त्याची मेमरी कुठून आली, हे विचारलं की मोबाईल बघायला लागतात. काकूंचं लिंबू आणि यांची मसल मेमरी एकाच झाडाची.

मग पुण्याची चाचणी. डावीकडे पहिल्यांदा पडले. परत पडले. पुढच्या वेळी थांबले – वाकडी, हात पंख्यासारखे फिरवत, एक गुडघा बर्फाला घासून. पण थांबले. राखीव खेळाडू म्हणून संघात घेतलं.

घरी आले तर काकू नारळ घेऊन दारात. "बघ, देवीआईनंच थांबवलं की नाही?"

मी सलवार वर करून त्यांना गुडघा दाखवला. काळानिळा, सुजलेला. म्हटलं, "हे थांबणं माझं आहे. यात वाटेकरी नको." नारळ पप्पांनी घेतला. चटणीला.

पण कारखान्यातलं थांबणं... ते इतकं देखणं होतं की मला अजून तसं जमत नाही. त्याचा माझ्या अंगावर साधा ओरखडा नाही. ते माझं नव्हतं. पप्पा अजूनही जेवताना मधेच थांबून विचारतात, "नक्की ढकललं नव्हतंस?" कुणाचं होतं, मला माहीत नाही. आणि खाली प्रतिक्रियांमध्ये तुम्ही काहीही लिहा – तुम्हालाही माहीत नाही.