राबासाठी खालापूरला, इंग्रजीसकट

पोशीरच्या धोंडूमामांचा सांगावा आला, खालापूरला गोऱ्या साहेबाचा तळ पडलाय, गाव गाऱ्हाणं घेऊन निघालंय, तूही ये. मी पुण्याहून आगगाडीत बसलो. घाटातले बोगदे बघायचे तर खिडकी धरावी, पण डोळे धुरानं चुरचुरतात. कर्जतला मामा आणि गावकरी बैलगाड्या घेऊन उभे होते. पुढचा रस्ता असा की पाठीची पार वाट लागते. पाताळगंगेकाठी मामांनी तांदळाच्या भाकरीचं फडकं सोडलं, तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

गाऱ्हाणं साधं होतं. भाताचं रोप टाकण्याआधी इकडे ऐनाच्या झाडांच्या फांद्या आणि पाला जमिनीवर पसरून जाळतात, तो राब. जंगलखात्यानं फांद्या तोडायला मनाई केली. राबाशिवाय रोप धरत नाही, मग वर्षभर खायचं काय?

गावाच्या वतीनं वडीलधाऱ्यानं बोलायचं, हा पोशीरचा रिवाज. म्हणजे मामांनी. पण गावानं ठाण्याहून इंग्रजी जाणणारा वकील आणला होता आणि मामांना बजावलं होतं, "मराठीत बोललं का सायेब उठून जाईल. तुमी त्वांड उघडायचं नाय." वकीलसाहेब वाटभर सांगत होते, इंग्रजी आली की पृथ्वीवरच्या कुठल्याही बंदरात चहा मागता येतो. अहो, पण पोशीरला चहा कुणाला हवाय? मला तिथंच चीड आली.

तंबूत वकील बराच वेळ इंग्रजीत बोलले. साहेबानं ऐकून घेतलं, मग मामांकडे वळून अडखळत, पण चक्क मराठीत विचारलं, "तुम्ही सांगा. राब केला नाही तर काय होते?"

मामांनी गावकऱ्यांकडे पाहिलं. मागून कुणीतरी त्यांचं धोतर ओढलं. मामांनी नुसते हात जोडले. उत्तर पुन्हा वकिलांनीच दिलं, इंग्रजीत. साहेबानं मनाई कायम ठेवली आणि पुढचं गाऱ्हाणं बोलावलं.

माझं डोकं फिरलं. राज्य करणारा आमची भाषा बोलायला तयार, आणि आमचीच माणसं आमच्या म्हाताऱ्याचं तोंड दाबतात. संताप करायचा तरी कुणावर?

परतीच्या बैलगाडीत गावाचं ठरलंसुद्धा: वकिलाचं इंग्रजी कच्चं होतं, पुढल्या खेपेला मुंबईचा आणू. मामांना कुणी विचारलं नाही. ते मला हळूच म्हणाले, "सायेब मलाच इचारत व्हता रं."

निघताना त्यांनी तांदळाचं गाठोडं दिलं. पुण्याला आल्यावर हिनं त्याचाच भात केला. घरभर वास सुटला. वाढता वाढता ही म्हणाली, "पुढच्या वर्षी मामांना जरा जास्त द्यायला सांगा."

मी ताटाभोवती सांडलेली शितं एकेक करून वेचली.